वळणावरचा आवाज

सरळ रस्त्यावर सगळ्याच गाड्या चांगल्या असतात. हुमनाबादला राष्ट्रीय महामार्ग ६५ च्या कडेला घटकाभर उभे राहावे. सोलापूरकडून हैदराबादेकडे जाणारी गाडी नवी काय नि जुनी काय, सारख्याच दिमाखाने पुढून निघून जाते. तिची खरी परीक्षा होते ती महामार्ग सोडून गावात शिरताना, चाक पुरते वळवावे लागते तेव्हा. त्या क्षणी पुढच्या चाकापाशी एखादा आवाज उमटतो, आणि इतका वेळ झाकून राहिलेली गोष्ट बाहेर पडते.

सण-उत्सव, साहित्य आणि देवळांच्या परंपरा यांची चर्चा वाचावयास सरावलेल्या वाचकांस नवल वाटेल, की एका वकिलाने मोटारीच्या खडखडाटाची कथा येथे का सांगावी. परंतु ही कथा मोटारीपुरती नाही. आपल्याला ठाऊक असलेला दोष समोरच्याने विचारला नाही म्हणून न सांगणे, हे असत्य होय की नव्हे, असा तो प्रश्न आहे. हा प्रश्न आम्ही अनेकदा दुसऱ्यांच्या वतीने न्यायालयात मांडला आहे. तो आमच्याच अंगणात येऊन उभा राहिला तेव्हा मात्र आमची जी त्रेधा उडाली, ती प्रांजळपणे सांगावी म्हणून हा लेख.

काही वर्षांपूर्वी आम्ही एक जुनी लहान मोटार विकत घेतली. विकणारे गृहस्थ परगावचे, बोलण्यात आर्जवी. आम्ही पडलो कायद्याचे माणूस. तेव्हा कागद तपासण्यात आम्ही कसूर केली नाही. नोंदणीचे पुस्तक पाहिले, विमा पाहिला, कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद पाहिली, मालकी बदलण्याचे नमुना २९ आणि नमुना ३० स्वतः भरून घेतले. नंतर महामार्गावर आठ-दहा किलोमीटर गाडी पळवून पाहिली. ती पाण्यासारखी चालली. बैल घेणारा शेतकरी दात मोजतो, पायाकडे पाहतो, चार पावले चालवून वळवूनही पाहतो; आम्ही कागदांचे दात मोजले आणि बैल वळवून पाहावयाचे तेवढे विसरलो.

महिना-दीड महिना बरा गेला. एके दिवशी दत्तदर्शनासाठी माणिकनगरास निघालो असता वळणावर उजव्या पुढच्या चाकापाशी 'कट् कट् कट्' असा आवाज आला. गाडी सरळ होताच तो थांबला. आम्ही म्हणालो, खडा असेल. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "खडा प्रत्येक वेळी डावीकडेच वळताना कसा लागेल?" घरातल्या माणसांचा उलटतपास नेहमीच मुद्द्याला धरून असतो. त्यानंतर आम्ही मुद्दाम कान देऊ लागलो, तेव्हा असे आढळले की डावीकडे चाक पूर्ण वळवून जरा अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आवाज येतो, आणि खड्ड्यातून जाताना त्याहून निराळा, दबका, 'धप्' असा दुसरा एक आवाज असतो.

गावातल्या एका वयोवृद्ध मिस्त्रीकडे गाडी नेली. त्याने बॉनेट उघडले नाही, की पाना हातात घेतला नाही. आम्हांस शेजारी बसवून, सगळ्या काचा खाली करून त्याने गाडी एका लांब भिंतीच्या कडेने हळूहळू नेली. भिंतीवर आदळून परत येणारा आवाज आत बसलेल्याला स्पष्ट ऐकू येतो, ही युक्ती आम्हांस त्या दिवशी कळली. मग मोकळ्या मैदानात त्याने आधी डावीकडे आणि मग उजवीकडे असे दोन गोल घेतले. एखादा निष्णात वैद्य नाडी धरून बसावा तसा तो मान कलती करून ऐकत होता.

त्याने जे सांगितले ते येथे थोडे विस्ताराने देतो. कारण ते उपयोगाचे आहे, आणि पुढच्या विवेचनाचा पायाही त्यातच आहे. जुन्या अ‍ॅम्बॅसिडरमध्ये किंवा पद्मिनीत इंजिनाची ताकद मागच्या चाकांना मिळे. पुढची चाके फक्त वळत. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली, आणि तेव्हापासून आपल्याकडच्या बहुतेक लहान मोटारींत पुढच्याच चाकांवर ओढण्याचे आणि वळण्याचे असे दोन्ही भार येऊन पडले. वळलेल्या चाकालाही अखंड गती पोचावी म्हणून एक्सलच्या टोकाशी एक सांधा असतो. त्याला मिस्त्री लोक सी. व्ही. जॉइंट म्हणतात. या सांध्याचा जो प्रकार सर्वत्र रूढ झाला, तो अल्फ्रेड झेप्पा या अभियंत्याने १९२६ च्या सुमारास तयार केला. त्यात खोबणींमध्ये सहा पोलादी गोळ्या फिरतात. सांध्यावर रबराचा घडीदार बूट असतो आणि आत ग्रीस भरलेले असते. बूट फाटला की ग्रीस बाहेर फेकले जाते, धूळ आत शिरते, आणि गोळ्या व खोबणी झिजतात. गाडी सरळ चालते तेव्हा ही झीज बोलत नाही. चाक वळवून भार टाकला, की सैल झालेल्या गोळ्या आपटू लागतात. डावीकडे वळताना कटकट आली तर बहुधा उजवा सांधा दोषी. कारण भार बाहेरच्या चाकावर जातो.

परंतु वळणावरचा प्रत्येक आवाज एक्सलचा नसतो. वेगाबरोबर वाढत जाणारी 'घूंऽऽ' अशी घरघर असेल आणि उजवीकडे झुकताच ती मोठी होत असेल, तर डाव्या चाकाचे बेअरिंग पाहावे. गाडी उभी असता नुसते स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग ताणून सुटल्यासारखा आवाज आला, तर शॉकअपच्या वरचे बेअरिंग धरले आहे असे समजावे. एकाने स्टिअरिंग फिरवावे, दुसऱ्याने स्प्रिंगवर हलका हात ठेवावा, म्हणजे ती अडकून उसळते ते हातालाच कळते. टोकापर्यंत वळवल्यावरच घासल्याचा आवाज आला, तर कदाचित टायर मापापेक्षा मोठा असून आतल्या अस्तराला लागत असेल. त्यात भिण्यासारखे फारसे नाही. मिस्त्रीने मग गाडी जॅकवर उचलली. चाक डावी-उजवीकडून धरून हलवले. ते हलले असते तर टाय रॉडच्या टोकाचा संशय होता. वर-खाली धरून हलवले, आणि लोअर आर्मखाली पहार घालून उचकून पाहिले. तेव्हा बॉल जॉइंट डोळ्यांदेखत खाली-वर झाला.

"वकीलसाहेब," तो म्हणाला, "तुम्ही ज्या आवाजाला भिऊन आलात तो भिण्याचा नाही. एक्सल कटकट करील, महिनोन्महिने करील, शेवटी एक दिवस गाडी जागेवर उभी राहील. पण हा जो धप् म्हणतो ना, तो बॉल जॉइंट निसटला तर चाक आडवं होईल. हा कमी बोलतो, म्हणून ह्याला आधी बघायचं."

मग त्याने एक्सलचा बूट दाखवला. बूट कोरा करकरीत होता. पट्ट्या चकाकत होत्या. त्याने तो सोडवून बोटावर ग्रीस घेतले आणि आमच्यापुढे धरले. "ग्रीस नवं हाय," तो म्हणाला, "पण आतलं हाड जुनं हाय." झिजलेला सांधा धुवून त्यात ठासून नवे ग्रीस भरले की आवाज काही काळ दबतो. कोणी तरी गाडी विकण्यापूर्वी तेवढा काळ विकत घेतला होता.

आमचा संताप अनावर झाला. घरी येऊन आम्ही कायद्याची पुस्तके उघडली, आणि तेथे आमच्या संतापाला फारसा आधार मिळेना. १९३० च्या माल विक्री कायद्याचे सोळावे कलम मुळातच असे म्हणते, की काही अपवाद सोडल्यास मालाच्या गुणवत्तेची हमी गृहीत धरता येत नाही. घेणाऱ्याने आपले डोळे उघडे ठेवावे. ग्राहक-संरक्षणाचा कायदा १९८६ साली झाला आणि २०१९ साली नव्याने झाला. परंतु घरगुती माणसाने आपली घरगुती गाडी विकली, तर त्या कायद्याचे हात तेथवर सहसा पोचत नाहीत. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे सतरावे कलम फसवणुकीची व्याख्या करते आणि त्याखालील स्पष्टीकरणात सांगते, की नुसते मौन म्हणजे फसवणूक नव्हे. उदाहरणही घोड्याचे दिले आहे. एकाने दोष असलेला घोडा लिलावात विकला, दोष त्याला ठाऊक होता, तो काही बोलला नाही. ही फसवणूक नाही. एकोणिसावे कलम आणखी पुढे जाते. घेणाऱ्याला साधारण दक्षतेने सत्य कळण्यासारखे होते, तर मौनाच्या सबबीवर त्याला करार मोडता येत नाही. आम्ही चाक वळवून पाहिले नव्हते. खटला आमच्या हातून तेथेच निसटत होता.

सतराव्या कलमाच्या पोटात मात्र दोन दरवाजे आहेत. एक असा, की माहीत असलेली गोष्ट कृतीने झाकून ठेवणे ही फसवणूकच आहे. नवे ग्रीस हे मौन होते की झाकण? ते दुरुस्तीसाठी भरले की लपवण्यासाठी, हे भरणाऱ्याच्या मनालाच ठाऊक. आणि मनाची साक्ष काढणे किती कठीण असते, हे वकिलाला सांगावयास नको. दुसरा दरवाजा असा, की परिस्थितीच अशी असेल की बोलणे कर्तव्य ठरावे, किंवा मौन हेच बोलण्यासारखे असेल, तर ते मौन फसवणूक ठरते. याचीही उदाहरणे दिली आहेत. घोडा घेणारी विकणाऱ्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर बापाने दोष सांगितलाच पाहिजे. आणि घेणारा म्हणाला, "तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर घोडा निर्दोष आहे असे मी धरीन," आणि विकणारा गप्प राहिला, तर ते मौन बोलण्याइतकेच आहे. हे तिसरे उदाहरण वाचकांनी लक्षात ठेवावे. ते पुढे आमच्याच गळ्यात पडावयाचे होते.

गंमत अशी, की याच देशाचा १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा पंचावन्नाव्या कलमात घर विकणाऱ्यास उलट आज्ञा करतो. घराचा जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्यास ठाऊक आहे आणि घेणाऱ्यास साधारण काळजी घेऊनही कळण्यासारखा नाही, तो त्याने सांगितलाच पाहिजे. म्हणजे भिंतीतली भेग सांगावयाची, पण घोड्याच्या पायातली लंगड सांगावयाची नाही. घरात माणूस राहतो हे खरे. पण मोटारीतही माणूसच बसतो, आणि घर काही ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने धावत नाही.

या विचारात असता आम्हांस आपल्या भागातल्या एका थोर पुरुषाची आठवण झाली. हुमनाबादपासून तीसेक किलोमीटरवरचे बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याणी. तेथे सहाव्या विक्रमादित्याच्या राज्यात, म्हणजे १०७६ ते ११२६ या काळात, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. इंग्रजी राजवटीतील न्यायालयांनी बंगालखेरीज बहुतेक हिंदुस्थानात वारसाहक्कासाठी तिचाच आधार घेतला. त्यामुळे वकिलांना मिताक्षरा आठवते ती वाटणीच्या दाव्यात. परंतु याज्ञवल्क्याच्या व्यवहाराध्यायात 'क्रीतानुशय' म्हणजे विकत घेतल्यानंतरचा पश्चात्ताप, असे एक स्वतंत्र प्रकरण आहे. घेतलेली वस्तू पारखून पाहावयास तेथे मुदती दिल्या आहेत : बियाण्याला दहा दिवस, लोखंडाला एक, ओझे वाहणाऱ्या जनावराला पाच, रत्नाला सात, दुभत्या जनावराला तीन. कारण बी पेरल्यावाचून कळत नाही, गाय दोन-चार वेळा दोहल्यावाचून कळत नाही आणि बैल जुंपल्यावाचून कळत नाही. ज्याला जसा दोष, त्याला तसा अवधी. याच स्मृतीत दोषी माल निर्दोष म्हणून विकणाऱ्यास किमतीच्या दुप्पट दंड सांगितला आहे. आणि मनूनेही भेसळीचा, निःसत्त्व, मापात कमी किंवा झाकलेला माल विकू नये असे बजावले आहे. त्याच प्रकरणांत दासदासींच्या खरेदीलाही मुदती आहेत, हे विसरून त्या काळाचे गोडवे गाण्याची आमची इच्छा नाही. पण वस्तूचा स्वभाव वापरातच उघडा होतो, एवढी गोष्ट त्या शास्त्रकारांनी ओळखली होती. आमच्या हाती पाच दिवस असते आणि त्या पाच दिवसांत एकदा तरी माणिकनगरचे वळण आले असते, तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती.

पाश्चात्त्यांनीही या प्रश्नाचा कीस काढला आहे. रोमन विचारवंत सिसरोने इसवी सनापूर्वी ४४ साली आपल्या कर्तव्यावरील ग्रंथात एक प्रसंग मांडला. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचे जहाज घेऊन येतो. मागून आणखी जहाजे येत आहेत हे त्याला ठाऊक आहे. ते सांगावे, की गप्प राहून चढ्या भावाने माल विकावा? बॅबिलोनचा डायोजिनीस म्हणतो, न सांगणे वेगळे आणि लपवणे वेगळे. मी माझा माल आणला, भाव सांगितला, खोटे बोललो नाही. त्याचा शिष्य अँटिपाटर म्हणतो, माणसांच्या कल्याणासाठी जन्मलेला तू, त्यांच्या हिताची गोष्ट त्यांच्यापासून कशी दडवतोस? सिसरो शेवटी शिष्याच्या बाजूने कौल देतो.

डायोजिनीसचा पक्ष हसण्यावारी नेण्यासारखा नाही, हे येथे सांगितले पाहिजे. विकणारा हा घेणाऱ्याचा पालक नव्हे. जुन्या वस्तूला जुनी किंमत असते, आणि दोषाची शक्यता त्या किमतीत धरलेलीच असते. प्रत्येक ओरखडा सांगत बसावयाचे ठरवले, तर बाजार चालणार नाही. शिवाय घेणाराही काही भोळा सांब नसतो. तोही आपली गरज किती निकडीची आहे ते सांगत नाही. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून सौदा करतात, तेव्हा दोन्ही पक्षांनी मौनच पत्करलेले असते. हे सारे मान्य. परंतु ही मौने सारखी नाहीत. किंमत किती यावी हे दोघांनी आपापल्या मनाशी ठेवणे, हा सौद्याचा नियम दोघांना ठाऊक असतो. वस्तू काय आहे हे एकालाच ठाऊक असणे, ही निराळी गोष्ट आहे. तेथे एकजण उघड्या डोळ्यांनी खेळतो, आणि दुसऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी आहे हे त्याला माहीत असते.

अशा मौनाचा परिणाम दोघांपुरता राहत नाही. जॉर्ज अकर्लोफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावरच एक निबंध लिहिला. त्या कामाबद्दल २००१ साली त्यास अन्य दोघांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : घेणाऱ्याला बरी गाडी आणि वाईट गाडी ओळखता येत नाही, म्हणून तो दोहोंच्या मधली किंमत देऊ करतो, ती किंमत चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाही, म्हणून तो बाजारातून उठतो, मग उरतात त्या वाईट गाड्या, आणि किंमत आणखी उतरते. एकाचे मौन अशा रीतीने शेजाऱ्याच्या खऱ्या बोलण्याचीही किंमत कमी करते. न्यायालयात खोट्या साक्षींचा सुळसुळाट झाला की खऱ्या साक्षीदाराकडेही संशयाने पाहतात, तसेच हे.

आता आमचा स्वतःचा जबाब. मिस्त्रीच्या सांगण्यावरून बॉल जॉइंट आम्ही त्याच दिवशी बदलून घेतला. एक्सलचे दोन उपाय होते : नवा घालावा, किंवा जुना धुवून पुन्हा ग्रीस भरावे. आम्ही ग्रीस भरले. आवाज दबला. वर्षभराने कलबुर्गीच्या उच्च न्यायालयाच्या पीठाकडील आमच्या खेपा वाढल्या आणि मोठी गाडी घ्यावी असे ठरले. त्या सुमारास कटकट पुन्हा हलकेच सुरू झाली होती. गाडी विकावयास काढली.

पाहावयास आले ते आमच्या ओळखीचे, उत्सवात भजनाला शेजारी बसणारे एक वृद्ध गृहस्थ आणि त्यांचा शिक्षक मुलगा. आम्ही खोटे काहीच बोललो नाही. गाडी किती चालली ते सांगितले, बॉल जॉइंट नवा आहे हे सांगितले. ते सांगताना आपण किती सरळ आहोत याचे समाधानही वाटले. एक्सलविषयी त्यांनी विचारले नाही, आणि आम्ही बोललो नाही. मनाशी युक्तिवाद तयार होता. आम्हांस तरी कोणी सांगितले होते? जे आमच्या वाट्याला आले तेच पुढे जात आहे. किंमतही आम्ही बेताचीच सांगितली आहे. कायदा आमच्या बाजूस आहे. मग आम्ही स्वतः चालवून त्यांना गाडी दाखवली : महामार्गाने चार किलोमीटर सरळ, आणि परतताना पेट्रोल पंपाच्या प्रशस्त आवारातून हलक्या हाताने वळून पुन्हा सरळ घरी.

ओसरीवर चहा झाला. वृद्ध गृहस्थांनी कप खाली ठेवला आणि ते म्हणाले, "वकीलसाहेब, आम्हांला मोटारीतलं काही कळत नाही. तुम्ही काही वाईट सांगितलं नाही, म्हणजे गाडी चांगली आहे असंच आम्ही धरून चालतो."

सतरावे कलम, तिसरे उदाहरण. दीडशे वर्षांपूर्वी कोणा कायदेपंडिताने योजलेले वाक्य ते गृहस्थ जवळजवळ शब्दशः बोलून गेले. आता गप्प राहणे हे बोलणे होते. आम्ही बोललो. उजव्या एक्सलचा सांधा झिजला आहे, डावीकडे पूर्ण वळवल्यास आवाज येतो, आज ना उद्या तो बदलावा लागेल, असे सारे सांगितले. ते दोघे क्षणभर एकमेकांकडे पाहत राहिले, मग उठून गेले. दोन दिवसांनी मुलगा परत आला. एक्सलचा खर्च किमतीतून वजा करून त्याने गाडी घेतली.

येथे कथा संपती, तर ती मुलांच्या वाचनमालेत शोभली असती. परंतु किल्ली हातात घेतल्यावर तो तरुण अंगणात थांबला आणि अत्यंत नम्रपणे म्हणाला, "काका, एक विचारू? परवा पंपावर वळताना तुम्ही अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय का उचलला होता?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. उलटतपासात साक्षीदार गडबडला की आम्ही न्यायमूर्तींकडे सूचक नजरेने पाहत आलो आहोत. त्या दिवशी ती नजर आमच्याकडे वळली. झिजलेला सांधा भार पडल्यावाचून बोलत नाही, हे ज्ञान आम्हांस मिस्त्रीने आवाज ओळखावयासाठी दिले होते. आम्ही ते आवाज दाबावयासाठी वापरले. आमच्या जिभेने मौन पाळले, पण पायाने ग्रीस भरले. ज्या परगावच्या गृहस्थांस आम्ही वर्षभर लबाड म्हणत आलो, त्यांनी आपल्या हाताने जे केले तेच आम्ही आपल्या पायाने केले होते.

द्रोणपर्वातली कथा आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे. धर्मराजाचा रथ जमिनीपासून चार अंगुळे वर चाले. अश्वत्थामा गेला हे त्याने मोठ्याने सांगितले आणि हत्ती हा शब्द हलक्या आवाजात उच्चारला. तत्क्षणी रथाची चाके जमिनीला टेकली. लहानपणी आम्हांस वाटे, की ही शिक्षा फार कठोर झाली. त्याने शब्द तर सगळे खरेच उच्चारले होते. आता कळते की रथ खाली आला तो शब्दांमुळे नाही. कोणता शब्द मोठ्याने म्हणावयाचा आणि कोणता हळू, हे त्याने ठरवले होते. द्रोणाचार्यांना काय ऐकू यावे नि काय येऊ नये, याची ती योजना होती. बॉल जॉइंटचा उच्चार आम्हीही मोठ्याने केला होता.

यावरून मूळ प्रश्नाचे उत्तर आम्ही असे देतो. मौन हे स्वतः खरेही नसते नि खोटेही नसते. ते कशासाठी पाळले आहे यावर ते ठरते. आपल्याला लक्षात नाही, महत्त्वाचे वाटले नाही, समोरच्याला ठाऊकच असेल असे खरोखर वाटले, ही मौने निर्दोष असू शकतात. पण ज्या मौनाला प्रश्नाची भीती वाटते, आणि प्रश्न येऊ नये म्हणून जे रस्ता निवडते, वेग निवडते, शब्द निवडते, ते मौन राहिलेले नसते. त्याची ओळख पटवणेही अवघड नाही. हे मला अजून काही विचारतील काय, अशी धाकधूक मनात उठली, की उत्तर काय द्यावयाचे ते आपल्याला आधीच ठाऊक असते.

ओळख, देऊळ, भजन यांचाही येथे संबंध आहे. कायद्याने बापलेकीच्या नात्यात बोलणे कर्तव्य ठरवले, कारण तेथे विश्वास ठेवणारा तपास करीत नाही. आपल्या समाजात देवळाच्या ओळखीवर असाच विश्वास ठेवतात. एका देवाच्या उत्सवाला येणारा माणूस आपल्याला फसवणार नाही, असे धरून कर्जे दिली जातात, सोयरिकी जुळतात, घरे भाड्याने दिली जातात. त्या विश्वासाचा लाभ घेऊन गप्प राहणारा कायद्याच्या दृष्टीने कदाचित परका असेल; पण समोरच्याने त्याला आपला मानून तपास सोडून दिलेला असतो.

दर जानेवारीत हुमनाबादला वीरभद्रेश्वराची जत्रा भरते. देवाच्या रथाला स्टिअरिंग नसते. चाकाखाली लाकडी पाचरी देऊन त्याची दिशा बदलतात. वळताना रथ करकरतो, सारा जमाव ते ऐकतो, आणि पाचर देणारे त्या आवाजावरूनच कोठे जोर द्यावयाचा ते ठरवतात. तो आवाज कोणी लपवीत नाही, कारण तो लपवला तर दोर ओढणाऱ्यांच्याच अंगावर रथ येईल.

गाडी घेणाऱ्यांस आमचे सांगणे एवढेच, की काचा खाली करून, भिंतीच्या कडेने, दोन्ही बाजूंना पूर्ण चाक वळवून आणि भार देऊन पाहा. मग जॅकवर उचलून मिस्त्रीला दाखवा. विकणाऱ्यांस सांगण्याचा अधिकार आम्हांस फारसा उरलेला नाही. तरीही सांगतो : घेणाऱ्याला शेजारी बसवा आणि ज्या वळणावर ती बोलते त्या वळणावर गाडी आपण होऊन न्या. तो तरुण शिक्षक आता त्याच गाडीतून आईवडिलांना माणिकनगरास नेतो. नवा एक्सल घातल्यापासून वळणावर आवाज येत नाही, असे त्याने आम्हांस भेटल्यावर सांगितले. आम्ही मात्र अजूनही पंपापाशी वळताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलतो, आणि मग लक्षात येते, की या नव्या गाडीत लपविण्यासारखे काही नाही.